'शो'चे जुने स्पेलिंग

न्यूटनचा 'ऑप्टिक्स' हा प्रकाशावरचा ग्रंथ १७०४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याची जुनी पाने चाळताना आम्ही प्रथम अडखळलो ते एका साध्या क्रियापदापाशी. 'दाखवणे' या अर्थाचा 'शो' हा शब्द आपण एस-एच-ओ-डब्ल्यू असा लिहितो. तिथे मात्र 'ओ'च्या जागी 'ई' होता. मग न्यूटनचे स्पेलिंग कच्चे होते, की ही छापखान्याची चूक? दोन्ही नाही. त्या काळी हे स्पेलिंग सर्रास चालत असे. १६११ सालच्या इंग्रजी बायबलातही ते आढळते.

हा 'ई' आला कुठून? या शब्दाचे मूळ जुन्या इंग्रजीतील 'शेआविअन' या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ होता 'पाहणे'. पुढे तो 'पाहायला लावणे', म्हणजेच 'दाखवणे' असा झाला. या शब्दात दोन स्वर जोडून येत. जोर पहिल्या स्वरावर राहिला, तेव्हा 'फ्यू', 'ड्यू' यांच्याशी जुळणारा उच्चार तयार झाला. तो दुसऱ्या स्वरावर गेला, तेव्हा आजचा 'शो' तयार झाला. म्हणजे दोन स्पेलिंगांच्या मागे खरोखरच दोन उच्चार होते.

वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी इथे विचारील, "तेव्हा ध्वनिमुद्रण नव्हते, मग जुना उच्चार कळला कसा?" प्रश्न अगदी रास्त आहे. एक पुरावा यमकात सापडतो. सतराव्या शतकातील कवी मिल्टन याने एका सुनीतात या क्रियापदाचे रूप 'यूथ' आणि 'ट्रूथ' या शब्दांशी जुळवले आहे. आजच्यासारखे 'शोथ' म्हटले तर यमक मोडते, 'शूथ' म्हटले तर जुळते.

पुढे 'शो' हाच उच्चार रूढ झाला, पण लेखणी मागे राहिली. डॉ. जॉन्सन यांनी १७५५ सालच्या आपल्या शब्दकोशात उच्चाराला प्रमाण मानून 'ओ'च्या बाजूने कौल दिला. तरीही 'ई' लगेच हटला नाही. विसाव्या शतकात बर्नार्ड शॉ तो आवर्जून लिहीत असत.

याच जातीची आणखी दोन क्रियापदे पाहू. 'शिवणे' या अर्थाचा शब्द आपण 'सो' असा उच्चारतो, पण लिहितो एस-ई-डब्ल्यू. इथे उच्चार बदलला, स्पेलिंग तसेच राहिले. 'विखुरणे' या अर्थाच्या 'स्ट्रू' या शब्दाचीही 'ई' आणि 'ओ' अशी दोन स्पेलिंगे होती. तिथे 'ई' टिकला आणि त्याला साजेसा उच्चारही टिकला. 'शो'मध्ये मात्र दोन्ही बदलले. एकाच घरातली तीन भावंडे, पण तिघांची नशिबे निराळी!

आपल्याला हे परके वाटायला नको. जुन्या मराठी पुस्तकांत 'केलें', 'गेलें' अशी क्रियापदे दिसतात. ते अनुस्वार एके काळच्या नासिक्य उच्चाराच्या खुणा होत. प्रमाण बोलण्यातून तो उच्चार गेला, तरी अनुस्वार लिहिले जात राहिले. अखेर १९६२ सालच्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार वगळले. म्हणून त्याआधीच्या लेखकांना आपण अशुद्ध लिहिणारे म्हणत नाही.

'शिवणे' या अर्थाने मुलाने एस-ओ-डब्ल्यू लिहिले, तर लाल खूण करावीच लागेल, कारण ते स्पेलिंग 'पेरणे' या शब्दाचे आहे. पण खूण करताना एवढे जरूर सांगावे, "तू कानाने ऐकलेस ते बरोबर लिहिलेस, या शब्दाचे स्पेलिंगच उच्चाराच्या मागे राहिले आहे." चूक का झाली हे कळलेले मूल स्पेलिंगला घाबरत नाही. ते पुढचा प्रश्न विचारते.