हा प्रश्न दैवाचा की न्यायाचा?

माळेगाव बुद्रुकसारख्या ऊसपट्ट्यातील गावात एखादे मूल वेळेवर बसले नाही, बोलले नाही, की त्याचे खापर दैवावर फुटते. मेंदूच्या पक्षाघाताचे प्रत्येक प्रकरण हलगर्जीपणाचे नसते, हे खरे. अकाली जन्म व गर्भावस्थेतील संसर्ग हीही त्याची कारणे होत. परंतु पोटातील बाळ गुदमरत असल्याची लक्षणे दिसूनही शस्त्रक्रियेस अक्षम्य विलंब झाला असेल, तर तो न्यायाचाच प्रश्न ठरतो.

१९६३ साली तत्कालीन औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात, प्रसूतीनंतरच्या नसबंदी शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहून एक माता दगावली. तिचे पती अच्युतराव खोडवा यांचा दावा मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरले, ते १९९६ साली! भरपाई ३६ हजार रुपये.

पैसे मोजून घेतलेल्या उपचारांसाठी १९९५ च्या निकालाने ग्राहक न्यायालयाचा मार्ग निःसंदिग्ध झाला. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते. मात्र तिची मुदत सामान्यतः दोन वर्षे. आणि या व्याधीचे निदान होण्यातच पुष्कळदा वर्ष-दीड वर्ष निघून जाते. म्हणून शंका येताच प्रसूतीची कागदपत्रे लेखी मागावीत. ७२ तासांत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. सर्वांनाच मोफत सेवा देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध दिवाणी दावा लावता येतो. स्त्रिया व बालकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो.

दैवाला दोष देण्यास मुदत नसते. न्याय मागण्यास असते.