टायर एकाच कडेने का झिजतो?

भरधाव वळणावर गाडी बाहेर कलते. बाहेरच्या टायरची आतली कड रस्त्यावरून उचलू लागते. म्हणून स्पोर्ट्स कारमध्ये चाकाचा माथा आधीच एक-दोन अंश आत झुकवतात. हा निगेटिव्ह कॅम्बर. वळणात टायर पूर्ण रुंदीने टेकतो, पकड वाढते. सरळ रस्त्यावर मात्र आतल्या कडेवर भार येतो. तरी टायर खाणारा खरा गुन्हेगार बहुधा टो, म्हणजे चाकांच्या तोंडांची दिशा. चाकांची तोंडं किंचित आत-बाहेर वळली, की टायर सतत घासतो. रबरावरून तळहात आडवा फिरवा: एकीकडून गुळगुळीत, उलट करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय. हे कोन जुळवता येतात: १९८९च्या माझदा एमएक्स-५मध्ये चारही चाकांचा कॅम्बर कॅम बोल्ट फिरवून बदलतात. कॅम्बर बदलताच टोही सरकतो. म्हणून टो शेवटी लावावा.