झोपेतली साक्ष

मिलानच्या तेआत्रो कार्कानोमध्ये ६ मार्च १८३१ रोजी पहिल्यांदा झालेल्या ‘ला सोन्नाम्बुला’ या ऑपेराची गोष्ट चार वाक्यांत सांगता येते, आणि तशी सांगितली की ती पोरकट वाटते. स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात गिरणीच्या मालकिणीने, तेरेसाने, वाढवलेली अनाथ अमीना. तिचं एल्व्हिनो या सधन शेतकऱ्याशी लग्न ठरलेलं. झोपेत चालत ती सराईत उतरलेल्या काउंट रोदोल्फोच्या खोलीत पोचते, एल्व्हिनो तिला तिथे पाहतो आणि अंगठी परत घेतो. शेवटी साऱ्या गावादेखत ती पुन्हा झोपेत चालत येते आणि गैरसमज फिटतो. झोपेत चालणं ही गायिकेला गळा दाखवता यावा म्हणून शोधलेली सबब आहे, असा आक्षेप यावर सहज घेता येतो. मला तो मुळीच पटत नाही. संगीतकार विन्चेन्झो बेलिनी आणि संहिताकार फेलिचे रोमानी यांनी इथे एक खटला उभा केला आहे. एका बाजूला डोळ्यांनी पाहिलेला पुरावा, दुसऱ्या बाजूला कानांनी ऐकलेली साक्ष. बेल कांतो गायकीची या ऑपेरातली सगळी घडण त्या साक्षीसाठी आहे.

कथा कशी रचली आहे ते पाहा. गावकऱ्यांनी रात्री एक पांढरी आकृती फिरताना पाहिली आहे. ते तिला भूत समजतात आणि पाहुण्याला रंगवून तिचं वर्णन ऐकवतात. म्हणजे खरी गोष्ट सगळ्यांनी पाहिलेली आहे आणि कुणालाच कळलेली नाही. काउंटच्या खोलीत अमीना येते तेव्हा त्याच्याही मनात मोह डोकावतो. पण ती झोपेत आपल्या लग्नाबद्दल, एल्व्हिनोबद्दल बोलत असते. ते ऐकून तो खिडकीतून निघून जातो. या ऑपेरात तिचं पहिल्यांदा ऐकून घेणारा माणूस तो, आणि तिला निर्दोष मानणाराही तोच पहिला. एल्व्हिनो मात्र नंतर येतो, फक्त दृश्य पाहतो, आणि जागी झालेली अमीना जे सांगते ते त्याच्या कानात शिरतच नाही. पुढे रागाच्या भरात तो सराईच्या मालकिणीशी, लिझाशी, लग्न करायला निघतो. तिचा रुमाल काउंटच्या खोलीत सापडला की तिच्यावरूनही त्याचं मन उडतं. पुन्हा वस्तू, पुन्हा डोळे. या ऑपेराचं मूळ पॅरिसमधल्या १८२७ च्या एका बॅलेत आहे. त्याचं कथानक स्क्रीबचं, संगीत हेरोल्डचं. बॅलेतली नायिका मुकी. तिला प्रेक्षक फक्त पाहू शकत होते. ऑपेराने तिला आवाज दिला आणि त्याच गोष्टीचा अर्थ पालटला.

शेवटचा प्रवेश जवळून ऐकावा. गिरणीच्या फिरत्या चाकावरच्या धोकादायक वाटेवरून अमीना चालते, खाली गाव श्वास रोखून उभं आहे. हाक मारली तर ती दचकून पडेल. ती सुखरूप खाली उतरते, बोटात अंगठी शोधते, ती नसते, मग एल्व्हिनोने दिलेली सुकलेली फुलं हातात घेऊन गाऊ लागते. इथे बेलिनी जवळजवळ सगळं काढून घेतो. तंतुवाद्यांची हलकी साथ, अतिशय संथ लय, आणि एक सुरावट जी मागच्या ओळीकडे वळत नाही. प्रत्येक ओळ नव्या ठिकाणी जाते. बेलिनीच्या लांबच लांब सुरावटींचं व्हेर्दीलाही मोठं कौतुक होतं. गायिकेचं खरं कष्टाचं काम हेच. लपायला ताना नाहीत, उंच स्वराची टाळी नाही. ओळ तुटू न देता श्वास कुठे घ्यायचा, स्वर क्षीण करताना तो पोकळ होऊ द्यायचा नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर किती सरकत जायचं, हे सगळं मंद आवाजात आणि उघड्यावर करायचं. मींड ऐकून तयार झालेल्या कानाला या जागा लगेच सापडतील. दम जरा कमी पडला की ऐकणाऱ्याला गायिका दिसू लागते आणि झोपलेली अमीना नाहीशी होते.

खटल्याच्या या मांडणीवर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की, एल्व्हिनोचा विश्वास अखेर डोळ्यांनीच बसतो. ती चालताना दिसते म्हणून. अर्धं खरं आहे. चालण्यावरून सिद्ध होतं ते एवढंच, की ती काउंटच्या खोलीत झोपेत गेली असेल. तिचं एल्व्हिनोवर प्रेम आहे हे त्या वाटेवरच्या चालण्यातून कसं कळणार? ते गाण्यातून कळतं, आणि बेलिनीने एल्व्हिनोचा बांध नेमका त्या सुरावटीच्या मध्यात फुटू दिला आहे. चेलो पुढे येतो तोही तिथेच. साथ फार साधी आहे, ही तक्रारही जुनी. पण वाद्यवृंद तिच्या बाजूने बोलू लागला असता तर ती तिची साक्ष उरली नसती, वकिली झाली असती. आणि अंगठी बोटात आल्यावर, जाग आल्यावर येणारा द्रुत, तानांनी भरलेला शेवट? तो निव्वळ कसरतीसारखा गायला जातो हे मान्य. दोष गाणाऱ्यांचा आहे. जागेपणीचा आनंद अलंकारांनी बोलतो आणि झोपेतलं दुःख अलंकाराशिवाय, हा फरक ऐकू आला पाहिजे.

पहिली अमीना ज्युदित्ता पास्ता होती, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेलिनीच्याच ‘नोर्मा’ या ऑपेराची नायिकाही तिनेच उभी केली. म्हणजे ही भूमिका मुळात नाजूक, किणकिणत्या गळ्यासाठी लिहिलेली नव्हती. पुढे ती तशा गळ्यांकडे गेली आणि खटला हरवला, कसरत उरली. मारिया कालासने १९५५ मध्ये ला स्कालात, व्हिस्कोन्तीच्या दिग्दर्शनाखाली आणि बर्नस्टाइनच्या संचालनात, तिला तिचं वजन परत दिलं. त्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण मिळतं; आवाजाची प्रत ओबडधोबड आहे. हा ऑपेरा पहिल्यांदा ऐकणाऱ्याने प्रसिद्ध द्रुत शेवटापासून सुरुवात करू नये. त्याआधीचं संथ गाणं ऐकावं, आणि एल्व्हिनोच्या जागी आपण असतो तर कुठल्या ओळीला निकाल दिला असता ते ठरवावं.