शाळेच्या बँडमधल्या ट्रम्पेटसाठी वेगळी शिकवणी

ट्रम्पेटला व्हॉल्व्ह तीनच. बाकी सगळी करामत ओठांची! एकही व्हॉल्व्ह न दाबता, नुसता ओठांचा ताण बदलून सा, प, वरचा सा, त्यावरचा ग असे सूर निघतात. बिगुलाला तर व्हॉल्व्हच नसतात, सगळं ओठांवर.

पूर्ण बँड वाजत असताना एका मुलाचे ओठ कुठे चुकतात, हे सरांना कसं कळणार? म्हणून आठवड्यातून अर्धा तास का होईना, स्वतंत्र शिकवणी लावाच. सुरुवातीला गाण्यांची घाई नको. एकच सूर, हळू आवाजात, न थरथरता लांबवायचा. गाल फुगवणं, माउथपीस ओठांवर दाबून धरणं या सवयी तिथेच सुटतात.

शिक्षक स्वतः ट्रम्पेट वाजवतात ना, एवढं मात्र आधी विचारा.