साखर, हाडांचा कोळसा आणि हलालचा प्रश्न



रमजान जवळ आला की गट ऑफिसात आमचे मुसलमान सभासद एक प्रश्न हमखास विचारतात, "साहेब, साखर पांढरी करायला हाडं वापरतात म्हणे, खरं का?" माळकरी मंडळीही हेच विचारतात, फक्त एकादशीच्या तोंडावर. ऊस आपण पिकवायचा आणि पुढे त्याचे काय होते ते ठाऊक नसायचे, हे काही बरे नव्हे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ही गोष्ट अगदीच हवेतली नाही. एकोणिसाव्या शतकापासून युरोप-अमेरिकेतील रिफायनऱ्यांत हाडांचा कोळसा वापरात आला. हाडे हवा न लागू देता भट्टीत भाजली की सच्छिद्र काळा कोळसा होतो. साखरेचे द्रावण त्यातून गाळले म्हणजे रंग कोळशाला चिकटतो. अमेरिकेत काही ठिकाणी ही पद्धत अजून आहे. कोळसा साखरेत मिसळत नाही, तो गाळणीतच राहतो. पण पदार्थ तयार होताना कशाला लागला, हेही इस्लामी आहारनियमांत पाहतात.

डुकराचे हाड सर्वांनाच वर्ज्य. बाकी जनावरांच्या हाडाबाबत मात्र मतभेद आहे. हनफी मत असे, की हाडात जीव नसतो, चरबी गेलेले कोरडे हाड शुद्ध. शिवाय जळून वस्तूचे मूळ रूपच पालटले तर पहिला दोष उरत नाही. या रूपांतराला 'इस्तिहाला' म्हणतात. शाफई मत कडक आहे. रीतसर जबह न केलेल्या जनावराचे हाड अशुद्ध, आणि जाळून ते शुद्ध होत नाही. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी, तर कोकणी मुसलमान शाफई. त्यामुळे एकाच प्रश्नाला दोन गावांत दोन उत्तरे मिळाली तर नवल वाटू देऊ नये. निवाडा देणे आलिमांचे काम, आम्ही शेतीखात्याची माणसे.

आपल्या कारखान्यापुरते मात्र खात्रीने सांगतो. आपली पद्धत दुहेरी गंधकीकरणाची. रस तापवून त्यात चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर सोडतात, गाळ खाली बसतो. पुढे आटवलेल्या रसाला पुन्हा गंधकाचा धूर देतात. चुना चुनखडीचा, गंधक खनिज, फॉस्फॉरिक आम्लही खनिज फॉस्फेटापासूनचे. हाडांचा कोळसा यात कोठेच नाही. तेव्हा वरचा वाद आपल्या पोत्यापर्यंत पोचतच नाही.

खरी चौकशी होते ती किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंची. फेस मारायचे औषध वनस्पती तेलाचे की चरबीचे? पॅनमध्ये दाणा धरण्यासाठी बारीक साखर स्पिरिटमध्ये घोटून सोडतात, त्याचे काय? हे स्पिरिट उकळीत उडून जाते. शिवाय इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २००९ सालच्या फतव्यात, दारूच्या धंद्यातून न आलेले अल्कोहोल अन्नाच्या प्रक्रियेत अपायकारक नसल्यास चालते, असे म्हटले आहे.

इंडोनेशियाचे नाव उगीच घेतले नाही. २०२०-२१ आणि २०२१-२२ च्या हंगामांत भारताची कच्ची साखर तिकडे मोठ्या प्रमाणावर गेली. तो देश शाफई, आणि तेथे २०१४ च्या कायद्याने हलाल प्रमाणपत्र टप्प्याटप्प्याने सक्तीचे होत आले आहे. प्रमाणपत्र देणारे लोक केमिस्टकडून प्रत्येक औषधाचा कागद मागतात. एका डब्याचा कागद नसला तर सगळा माल अडतो, आणि त्याची झळ शेवटी उसाच्या बिलाला लागते.

यात आपल्या हातात एक गोष्ट आहे. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडात पडला की त्यात डेक्स्ट्रान वाढते, रस चिकट होतो आणि तो सुधारायला जादा औषधे लागतात. म्हणजे कागदही वाढले. तोडलेला ऊस त्याच दिवशी गव्हाणीवर आला तर केमिस्टचे काम हलके होते. वाढे व पाचट मोळीत बांधून पाठवू नये, हे तर आम्ही दर हंगामात सांगतोच. कोणाला औषधांची यादी पाहायची असेल त्यांनी गट ऑफिसात मागावी, लपवण्यासारखे त्यात काही नाही.