रविवारच्या उपासनेला पाहुणे म्हणून जाताना

नमस्कार मंडळी! प्रत्येक भाग आपण याच शब्दाने सुरू करतो, पण आज त्याचा दुसरा अर्थ लागणार आहे. मराठी बायबलमध्ये आणि मराठी ख्रिस्ती माणसांच्या बोलण्यात ‘मंडळी’ म्हणजे चर्च. इमारत नव्हे, तिथे जमणारी माणसं. ‘आमच्या मंडळीत या ना एकदा’ असं कुणी म्हणालं, की आपल्यापैकी बरेच जण गडबडतात. जावंसं तर वाटतं, पण तिथे आपल्याला काय करायला लावतील?

मी हिंदू घरातली. अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या नगरला, माझ्या मैत्रिणीचे वडील गेले. पुढच्या रविवारी उपासनेत घरच्यांसाठी प्रार्थना होणार होती. ती म्हणाली, ‘येशील का गं? आईशेजारी कुणीतरी बसायला हवं.’ त्यामुळे मी गेले ती काकूंसाठी. तिथे जे पाहिलं आणि नंतर विचारून घेतलं, ते सांगते.

कपडे साधे, लग्नाला जाताना घालतो त्याहून थोडे कमी. पुष्कळ बायका प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. पाहुणीने घेतलीच पाहिजे असं नाही, पण घेतली तर बरं दिसतं. चपला काढायच्या की नाही, ते दारात बघायचं, गावोगाव वेगळं असतं. आणि मागून तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसायचं. पुढचे लोक कधी उठतात, कधी बसतात हे तिथून दिसतं. सगळे उठले की आपणही उठावं. विश्वासांगीकार म्हणतात तेव्हा नुसतं शांत उभं राहिलं तरी चालतं. न मानता ते शब्द उच्चारण्यापेक्षा गप्प राहणं जास्त प्रामाणिक, असं माझं मत.

क्रम सगळीकडे एकच नसतो, आणि त्याला कारण आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे १९७० साली नागपूरला सहा वेगवेगळ्या चर्चांच्या एकत्र येण्यातून बनलं. पाटी एक झाली, पण जुन्या सवयी राहिल्या. कुठे अँग्लिकन वळणाची छापील पुस्तकातली उपासना, तर कुठे, विशेषतः जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या भागात, मोकळी. तरी गीतं, शास्त्रपाठ, पाळकांचा संदेश, अर्पण आणि शेवटी आशीर्वाद हे बहुधा असतंच.

गीतांबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण मला तिथेच घरच्यासारखं वाटलं. ‘उपासना संगीत’ नावाचं पुस्तक हातात देतात आणि गीताचा क्रमांक सांगतात. काही गीतं इंग्रजी चालींवरची, भाषांतरित. पण काही चक्क अभंग आणि ओव्या! त्यातली कितीतरी रेव्हरंड ना. वा. टिळकांची. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकारामाला सोडलं नाही. पेटी-तबल्यावर ते सुरू झालं, तेव्हा काकू पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. मी पुस्तक दोघींच्या मध्ये धरलं होतं. चाल ओळखीची, म्हणून मीही गुणगुणले.

आता अवघड भाग, प्रभुभोजन. पुष्कळ ठिकाणी ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. काही ठिकाणी लोक पुढे कठड्यापाशी जातात, काही ठिकाणी भाकरीचं तबक आणि द्राक्षरसाचे छोटे पेले बाकापर्यंत येतात. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की प्रसाद नाकारू नये. कीर्तनाला, दर्ग्यात, गुरुद्वारात, कुठेही हात पुढे करतो आपण. इथे नेमकं उलट. ही भाकर घेणं म्हणजे बाप्तिस्मा घेऊन येशूला प्रभू मानल्याची साक्ष देणं. ती न घेण्यात अपमान नाही, आदरच आहे. माझ्यासमोर तबक आलं, तेव्हा मी हात जोडून मान हलवली आणि ते काकूंकडे सरकवलं. कुणी वळूनही पाहिलं नाही. वसईकडच्या कॅथलिक मिस्साला गेलात तर नियम आणखी काटेकोर: दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती माणसानेही सहसा कम्युनियन घ्यायचं नसतं. रांग पुढे जात असेल तर बाकावर बसून राहा, शेजाऱ्याला वाट द्या.

अर्पणाची थैली पाहुण्यांसाठी सक्तीची नाही. दहा-वीस रुपये टाकावेसे वाटले तर टाका.

‘धर्म बदलायला सांगतील का’ हा प्रश्न मला घरूनच विचारला गेला होता. मला कुणी सांगितलं नाही. संदेशात येशूवर विश्वास ठेवा असं अर्थातच म्हणतात, ते चर्च आहे! ऐकावं, जसं कीर्तनकाराचं ऐकतो तसं. सूचनांच्या वेळी मात्र पाहुण्यांना उभं राहायला सांगू शकतात. नाव, गाव आणि कुणाबरोबर आलात, एवढं पुरे.

सुटल्यावर लगेच पळू नका. पाळक दारात उभे असतात, हात मिळवतात. नगरकडची जुनी माणसं एकमेकांना ‘सलाम’ म्हणतात. मी ‘नमस्कार’ म्हणाले, समोरून ‘सलाम, ताई’ आलं. मग चहा. काकूंनी अर्धा कप माझ्या कपात ओतला आणि विचारलं, ‘जेवायला थांबशील ना?’