वर वाफ, आत बर्फ

दुपारी शाळेतून घरी आल्यावर पोटात कावळे ओरडत असतात. फ्रीजमध्ये रात्रीचा खिमा आणि भात असतो. ज्यांच्या घरी मायक्रोवेव्ह ओव्हन आहे, ते वाटी आत ठेवतात, बटण दाबतात आणि दोन मिनिटांत बाहेर काढतात. खिम्यावरून छान वाफ येत असते. पण मधला घास तोंडात घातला, तर तो थंडगार लागतो! असे का होते? आणि त्यात धोका कोणता? चला, समजून घेऊ या.

या ओव्हनची सुरुवात रडारपासून झाली. १९४५ साली पर्सी स्पेन्सर हे अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत काम करत होते. ही कंपनी रडारसाठी मॅग्नेट्रॉन नावाची नळी बनवत असे. चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना खिशातले चॉकलेट विरघळल्याचे त्यांच्या लक्षात आले, असे सांगतात. मग त्यांनी मक्याचे दाणे ठेवून पाहिले, तर त्यांच्या लाह्या झाल्या. १९४७ साली या कंपनीचा पहिला ओव्हन विक्रीला आला. तो जवळजवळ माणसाएवढा उंच होता.

चुलीवर किंवा गॅसवर आधी भांडे तापते आणि मग अन्न तापते. मायक्रोवेव्हची रीत निराळी आहे. त्यातील अदृश्य लहरी दर सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा कंप पावतात. अन्नातील पाण्याचे रेणू या लहरींबरोबर वळू पाहतात आणि एकमेकांवर आदळतात. त्यातून उष्णता निर्माण होते. मात्र या लहरी अन्नात सुमारे दोन-तीन सेंटिमीटरच खोल जातात. त्यापुढे उष्णता बाहेरून आत हळूहळू सरकत जाते. शिवाय ओव्हनमध्ये सगळीकडे लहरींचा जोर सारखा नसतो. म्हणूनच आतली काचेची ताटली गोल फिरत असते.

गोठलेल्या अन्नाची गोष्ट आणखी अवघड आहे. बर्फात पाण्याचे रेणू जागच्या जागी घट्ट बांधलेले असतात. ते सहज वळू शकत नाहीत. त्यामुळे बर्फ या लहरी फारच थोड्या शोषून घेतो. पाणी मात्र भराभर शोषून घेते. मटणाच्या गोळ्याची एखादी कड आधी वितळली, की ती झपाट्याने तापते. कड शिजू लागते, तरी मधला भाग दगडासारखा घट्टच राहतो.

आता धोका पाहू. फ्रीझरमध्ये सगळे सूक्ष्मजंतू मरत नाहीत. पुष्कळसे जणू झोपी जातात. अन्न कोमट झाले, की ते जागे होतात आणि वाढू लागतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस हे तापमान त्यांच्या वाढीला सोयीचे असते. अर्धवट गरम केलेले अन्न नेमके याच तापमानात राहते. ते खाल्ले, तर उलट्या, जुलाब आणि पोटदुखी होऊ शकते. लहान मुलांना आणि वृद्धांना त्याचा त्रास अधिक होतो.

मग काय करावे? गोठलेले मटण किंवा मासे आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, भांड्यात ठेवावेत. हा उपाय सर्वांत चांगला. घाई असेल, तर ओव्हनचे 'डीफ्रॉस्ट' हे बटण वापरावे. बहुतेक ओव्हनमध्ये हे बटण दाबल्यावर लहरी काही वेळ सुरू राहतात आणि काही वेळ थांबतात. त्या विश्रांतीत उष्णता आत पोचते. मधूनमधून गोळा उलटा करावा आणि सुटलेले तुकडे वेगळे काढावेत. अशा रीतीने मोकळे केलेले मटण लगेच शिजवावे. ते तसेच ठेवू नये आणि कच्चे पुन्हा गोठवू नये.

शिजलेले अन्न गरम करताना ते पसरट भांड्यात ठेवावे. वर सैल झाकण ठेवावे. अर्ध्या वेळाने ओव्हन थांबवून अन्न चांगले ढवळावे. वेळ संपल्यावर दोन मिनिटे ते तसेच राहू द्यावे. मग मधला भाग चमच्याने उघडून पाहावा. तेथूनही भरपूर वाफ आली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की अन्न आतपर्यंत निदान ७० अंश सेल्सिअस गरम व्हावे. झाकण काढताना तोंड दूर ठेवा; वाफेने हात आणि चेहरा भाजतो.

भांड्याचीही काळजी घ्या. स्टीलचा डबा, ॲल्युमिनियमचा कागद किंवा सोनेरी काठाची बशी आत ठेवू नका. ठिणग्या उडू शकतात. घट्ट झाकणाचा डबा आणि कवचासकट अंडे वाफेच्या दाबाने फुटू शकतात. मायक्रोवेव्हसाठी बनवलेले काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे उत्तम.

एक गोष्ट मात्र कोणताही ओव्हन करू शकत नाही. बिघडलेले अन्न तो पुन्हा चांगले करू शकत नाही. भाताचेच उदाहरण घ्या. तांदळात एका जंतूची बीजे असतात. ती भात शिजवल्यावरही टिकून राहू शकतात. भात तासन् तास बाहेर राहिला, तर हे जंतू वाढून विष तयार करतात. नंतर भात कितीही गरम केला, तरी ते विष जात नाही. म्हणून उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे आणि जेवढे खायचे तेवढेच बाहेर काढावे.

तुमच्या घरी मायक्रोवेव्ह नसेल, तरी हे नियम उपयोगाचे आहेत. गॅसवर रस्सा गरम करतानाही तो ढवळावा आणि चांगली उकळी येऊ द्यावी. यंत्र आपला वेळ वाचवते. पण अन्न आतपर्यंत गरम झाले की नाही, हे आपल्यालाच पाहावे लागते. तेव्हा मुलांनो, वरची वाफ पाहून फसू नका. आधी चमचा मध्यभागी घाला आणि मगच पहिला घास घ्या.